गुजरात २०२७ : प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा

गुजरात विधानसभेची मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते. १९९५ पासून तिथे विधानसभेच्या सात निवडणुका झाल्या आणि सातही वेळा पहिला क्रमांक भाजपचा राहिला. २०२२ मध्ये तर १८२ पैकी १५६ जागा या पक्षाने घेतल्या. काँग्रेस १७ वर आली, आम आदमी पक्षाला ५ जागा मिळाल्या, आणि उरलेल्या चारांत तीन अपक्ष व एक समाजवादी पक्षाचा. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७७ ते २००६ या काळात सलग सात निवडणुका जिंकल्या होत्या. गुजरातमध्ये आठवा विजय मिळाला तर भाजप तिच्याही पुढे जाईल.

असा इतिहास समोर असताना कोण जिंकणार यावर पैज लावायला अहमदाबादच्या टपरीवरही कोणी तयार होणार नाही. पण निकाल ठरल्यासारखा दिसतो म्हणून निवडणूक निरर्थक ठरत नाही. अशा राज्यात सत्ता कुठून बदलते, सरकारला जाब कोण विचारतो आणि हरणाऱ्यांपैकी कोण टिकतो, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे होतात. गुजरातपुरते माझे म्हणणे असे : तिथला सत्ताबदल थांबलेला नाही, तो मतपेटीतून उठून पक्षाच्या कार्यालयात गेला आहे. २०२७ मध्ये पाहायचे ते हे की, तो मतदाराकडे परत आणू शकेल असा कोणी विरोधक उभा राहतो का.

एकतर्फीपणाची जुनी सवय

गुजरात पूर्वीही एकतर्फी होते, फक्त पक्ष वेगळा होता. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा दोन्हीकडे काँग्रेसच होती. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाने १६८ पैकी ६६ जागा घेऊन काँग्रेसला घाम फोडला. पण १९७२ मध्ये काँग्रेस १४० वर गेली. पुढच्या दोनच वर्षांत नवनिर्माण आंदोलनाने चिमणभाई पटेलांचे सरकार घरी पाठवले आणि १९७५ मध्ये जनता मोर्चाचे बाबूभाई जशभाई पटेल मुख्यमंत्री झाले. १४० जागांचे बहुमत विद्यार्थ्यांच्या मेसच्या वाढलेल्या बिलावरून पेटलेल्या आंदोलनासमोर टिकले नाही, हे गुजरातच्या राजकारणातले पहिले मोठे उदाहरण.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. माधवसिंह सोळंकींनी क्षत्रिय, हरिजन, आदिवासी आणि मुस्लीम अशी 'खाम' नावाची मोट बांधली. १९८० मध्ये तिने १४१ जागा दिल्या आणि १९८५ मध्ये १४९. मते ५५ टक्क्यांच्या वर होती. १४९ चा तो आकडा भाजपला २०२२ पर्यंत ओलांडता आला नाही. पण याच मोटेने पाटीदारांना बाहेर ठेवले. १९८५ च्या आरक्षणविरोधी आंदोलनात सोळंकींना पद सोडावे लागले, आणि १९९० मध्ये काँग्रेस ३३ जागांवर कोसळली.

१९९० चा निकाल बारकाईने वाचला पाहिजे. त्या वर्षी सर्वाधिक मते काँग्रेसलाच होती, सुमारे ३१ टक्के. जनता दलाला २९ आणि भाजपला २७ टक्क्यांच्या आसपास. तरी जनता दलाने ७० आणि भाजपने ६७ जागा घेतल्या, कारण दोघांत जागांची समजूत होती. म्हणजे १९८५ चा गड दोन गोष्टींनी पडला : एक मोठा समाज नाराज झाला आणि विरोधकांनी एकमेकांची मते खाणे थांबवले. नुसत्या नाराजीने तो पडला नसता.

पुढची कथा परिचयाची आहे. १९९५ मध्ये भाजप १२१ जागांवर आला आणि केशुभाई पटेल मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी शंकरसिंह वाघेलांनी आमदार खजुराहोला नेऊन बंड केले. वाघेलांचा राष्ट्रीय जनता पक्ष काँग्रेसच्या पाठिंब्यावर काही काळ सत्तेत राहिला, पण १९९८ मध्ये भाजप परतला तो आजतागायत. २००१ च्या भूकंपानंतर ऑक्टोबरमध्ये नरेंद्र मोदी मुख्यमंत्री झाले. २००२ मध्ये गोध्रा आणि त्यानंतरच्या दंगलींत हजाराहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत भाजपने १२७ जागा जिंकल्या. तेव्हापासून मुस्लीम मतदार राज्याच्या निवडणुकीच्या गणितातून जवळपास वजा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत साडेनऊ टक्क्यांहून अधिक असलेल्या या समाजाचा २०२२ च्या सभागृहात एकच आमदार निवडून आला.

१५६ चा आकडा कसा तयार झाला

२०१७ ची निवडणूक आता विसरल्यासारखी झाली आहे. पाटीदार आंदोलन, नोटाबंदी, जीएसटी आणि सौराष्ट्रातला कापूस-भुईमुगाचा भाव यांच्या जोरावर काँग्रेस ७७ जागांवर पोहोचली आणि भाजप ९९ वर अडकला. सौराष्ट्र-कच्छमध्ये काँग्रेस पुढे होती. भाजपला तारले शहरांनी. ज्या सुरतमध्ये कापड व्यापाऱ्यांनी जीएसटीविरुद्ध मोर्चे काढले, तिथल्या शहरी जागाही भाजपकडेच राहिल्या.

पाच वर्षांनी भाजपची मते ४९ टक्क्यांवरून साडेबावन्नवर गेली. वाढ साडेतीन टक्क्यांची, आणि जागा वाढल्या ५७. काँग्रेसला २०१७ मध्ये ४१.४ टक्के मते होती. २०२२ मध्ये काँग्रेस आणि 'आप' यांची बेरीज ४०.२ टक्के भरते. भाजपविरोधी मत आटले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ते दोन भांड्यांत वाटले गेले आणि कुठलेच भरले नाही.

मात्र या बेरजेचा अर्थ फार ताणूही नये. भाजप स्वतःच निम्म्याच्या वर होता. दोन्ही विरोधक एकत्र असते, तरी बारा टक्क्यांचे अंतर राहिले असते. युतीने सरकार बदलले नसते. सभागृह बदलले असते. काँग्रेसच्या १७ जागा एकूण सदस्यसंख्येच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी पडल्या, म्हणून विरोधी पक्षनेतेपद तिला नाकारले गेले. जाब विचारणारी अधिकृत खुर्चीच रिकामी राहिली. त्यानंतर काँग्रेसचे आमदार राजीनामे देत गेले, पोटनिवडणुकांत भाजप जिंकत गेला. अर्जुन मोढवाडियांसारखा माजी प्रदेशाध्यक्षही मार्च २०२४ मध्ये भाजपमध्ये गेला आणि पोरबंदरमधून भाजपचा आमदार झाला. लोकसभेवर गेलेल्या गेनीबेन ठाकोर यांची वाव ही जागाही नोव्हेंबर २०२४ मध्ये अडीच हजारांहून कमी मतांनी गेली, आणि काँग्रेस १२ वर आली.

गुजरातच्या एकतर्फीपणात निवडणुकीनंतरचे हे दुसरे मतदान फार मोलाचे आहे. २०१७ चे तीन तरुण चेहरे आठवा. हार्दिक पटेल आणि अल्पेश ठाकोर आज भाजपचे आमदार आहेत. काँग्रेसमध्ये उरले ते एकटे जिग्नेश मेवाणी. आंदोलनातून नेता निघतो, नेता आमदार होतो आणि आमदार सत्ताधारी पक्षात जातो. मग पुढच्या निवडणुकीत मतदाराने त्या नेत्याला दिलेले मत विरोधाचे होते की नव्हते, हेच धूसर होते.

पक्षच सरकार बदलतो

सप्टेंबर २०२१ मध्ये विजय रूपाणींचा राजीनामा झाला आणि पहिल्यांदाच आमदार झालेले भूपेंद्र पटेल मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात जुना एकही मंत्री ठेवला गेला नाही. पुढच्या वर्षी रूपाणी, नितीन पटेल, भूपेंद्रसिंह चुडासमा अशा ज्येष्ठांनी आपण लढणार नाही असे जाहीर केले आणि जवळपास चाळीस आमदारांची तिकिटे कापली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा तोच प्रयोग झाला : मुख्यमंत्री सोडून सर्व मंत्र्यांचे राजीनामे, दुसऱ्या दिवशी नवे मंत्रिमंडळ, बहुतेक चेहरे नवे आणि हर्ष संघवी उपमुख्यमंत्री. त्याच महिन्यात प्रदेशाध्यक्षपद सी. आर. पाटील यांच्याकडून जगदीश विश्वकर्मा यांच्याकडे गेले.

लोकांच्या नाराजीचा चेहरा लोकांच्या आधी बदलायचा, ही या पद्धतीची रीत. मतदाराला 'हे नकोत' म्हणायचे असते. तो म्हणण्याआधीच 'हे' गेलेले असतात. त्यात पक्षाला धोका फारसा नाही, कारण तिकीट कापलेल्याला जाण्यासारखी दुसरी जागा राज्यात उरलेली नाही. बंडखोराला जिंकवू शकेल असा विरोधी पक्ष असता, तर चाळीस तिकिटे कापण्याची हिंमत कोणत्याही पक्षाने केली नसती.

याच्या खाली संघटनेचा पाया आहे. मूळचे जळगाव जिल्ह्यातले, सुरतमध्ये वाढलेले आणि नवसारीचे खासदार असलेले सी. आर. पाटील यांनी मतदारयादीच्या एकेका पानामागे समिती उभी करण्याची 'पेज समिती'ची पद्धत राज्यभर नेली. नवसारीतून २०२४ मध्ये ते ७ लाख ७३ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. सुरतच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून गेलेला मराठी कामगार मोठ्या संख्येने आहे आणि लिंबायतच्या आमदार संगीता पाटीलही भाजपच्याच. 'गुजराती अस्मिता' हा शब्द सतत ऐकू येणाऱ्या राज्यात सत्ताधारी पक्षाची यंत्रणा एका मराठी माणसाने घट्ट केली, याची चर्चा आपल्याकडे कमीच होते.

पायाचा दुसरा दगड म्हणजे सहकार. महाराष्ट्रात जे साखर कारखान्याचे, ते गुजरातमध्ये दूध संघाचे. एके काळी हे संघ काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना रोजगार, प्रतिष्ठा आणि गावोगावी ओळख देत. ते एकामागून एक भाजपकडे गेले. आज विधानसभेचे अध्यक्ष शंकर चौधरी हेच बनास डेअरीचेही अध्यक्ष आहेत. ज्या पक्षाकडे ना महापालिका, ना जिल्हा पंचायत, ना दूध संघ, त्याच्या गावातल्या कार्यकर्त्याने पाच वर्षे खायचे काय, हा साधा प्रश्न काँग्रेसच्या घसरणीमागे आहे.

काँग्रेस : मत आहे, पक्ष नाही

काँग्रेसचे ओझे विचित्र आहे. पडत्या काळातही तिला २७ टक्के मते मिळतात. २०२४ च्या लोकसभेत ३१ टक्क्यांच्या आसपास मिळाली. पाच-सहा लाखांच्या फरकाने हरणाऱ्या उमेदवारांच्या त्या निवडणुकीत बनासकांठ्यातून गेनीबेन ठाकोर जिंकल्या आणि भाजपची सलग तिसऱ्यांदा २६ पैकी २६ घेण्याची संधी हुकली. त्याच निवडणुकीत सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. एकाच पक्षाची ही दोन टोके : जिथे स्थानिक माणूस पाय रोवून आहे तिथे विजय, जिथे नाही तिथे मतदानही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पक्षाने अखिल भारतीय अधिवेशन अहमदाबादला घेतले. त्याच्या महिनाभर आधी राहुल गांधींनी तिथेच कार्यकर्त्यांसमोर कबुली दिली की, पक्षातले काही लोक भाजपसाठी काम करतात आणि त्यांना बाहेर काढावे लागेल. निदान बरोबर होते, पण उपचार जुनेच. जूनमध्ये कडी आणि विसावदर या दोन्ही पोटनिवडणुका हरल्यावर प्रदेशाध्यक्ष शक्तिसिंह गोहिल यांनी राजीनामा दिला आणि पद अमित चावडांकडे गेले. माधवसिंहांच्या 'खाम'ला पर्याय ठरेल असे सामाजिक गणित त्यानंतर काँग्रेसला सापडलेले नाही. ठाकोर, दलित, आदिवासी आणि मुस्लीम मतांचे तुकडे तिच्याकडे आहेत. त्यांना जोडणारा राज्यव्यापी मुद्दा नाही.

'आप' : १९८५ की १९९८?

'आप'च्या १२.९ टक्क्यांकडे कसे पाहायचे, यावर २०२७ चे बरेच वाचन ठरते. इतिहासात दोन नमुने आहेत. १९९८ मध्ये वाघेलांच्या राष्ट्रीय जनता पक्षाला सुमारे बारा टक्के मते आणि चार जागा मिळाल्या. वर्षभरात पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. २०१२ मध्ये खुद्द केशुभाईंच्या गुजरात परिवर्तन पक्षाला दोनच जागा मिळाल्या. 'गुजरातेत तिसरा पक्ष चालत नाही' ही म्हण इथून आली.

दुसरा नमुना खुद्द भाजपचा. १९८५ मध्ये त्याला १५ टक्क्यांच्या आसपास मते आणि ११ जागा होत्या. दहा वर्षांनी तो सत्तेत होता. या दहा वर्षांत त्याने केलेली वाटचाल महापालिकांमधून गेली : १९८३ मध्ये राजकोट, १९८७ मध्ये अहमदाबाद, मग विधानसभा. शिवाय संघाची शाखा गावात आधीच होती.

'आप'ची सुरुवातही महापालिकेतून झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरतमध्ये १२० पैकी २७ जागा तिने जिंकल्या आणि काँग्रेस शून्यावर आली. सौराष्ट्रातून येऊन हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पाटीदार वस्त्यांनी ते घडवले. पण पुढच्याच वर्षी त्या भागातल्या विधानसभेच्या जागा भाजपने राखल्या आणि नगरसेवकही हळूहळू भाजपमध्ये गेले. 'आप'चे पाच आमदार आले ते सुरतबाहेरून : विसावदर, जामजोधपूर, गारियाधार, बोटाद आणि डेडियापाडा. त्यातला विसावदरचा आमदार वर्षभरात राजीनामा देऊन निघून गेला.

जून २०२५ मध्ये विसावदरची पोटनिवडणूक गोपाल इटालियांनी सुमारे साडेसतरा हजारांच्या फरकाने जिंकली. गुजरातमध्ये सत्ताधाऱ्यांविरुद्ध पोटनिवडणूक जिंकणे ही दुर्मीळ गोष्ट, म्हणून आनंद स्वाभाविक होता. पण विसावदर भाजपने शेवटची जिंकली ती २००७ मध्ये. केशुभाईंचा, नंतर काँग्रेसचा, नंतर 'आप'चा झालेला हा मतदारसंघ वाऱ्याची दिशा सांगत नाही. ती सांगेल बोटाद, अमरेली, भावनगरसारखा भाग, जिथे बाजार समितीत लिलावानंतर मालाच्या दरात होणाऱ्या 'कडदा' कपातीवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले. त्या आंदोलनात 'आप' पुढे होती. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली हातातून गेल्यावर या पक्षाचा आधार पंजाब आहे, आणि पंजाबची निवडणूक गुजरातच्या आधी येते. तिथला निकाल गुजरातच्या कार्यकर्त्याचे मन ठरवेल.

१९९० ची शिकवण मात्र दोघांनीही घेतलेली दिसत नाही. लोकसभेला काँग्रेस-'आप' एकत्र होते, तरी भरूचमध्ये 'आप'चे चैतर वसावा सुमारे ८५ हजारांनी हरले. विसावदरला दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि काँग्रेसची अनामत गेली. एकमेकांना संपवून दुसरा क्रमांक मिळवायचा आणि मग पहिल्यासाठी लढायचे, असा दोघांचा हिशेब आहे. या हिशेबात एक संपूर्ण निवडणूक खर्ची पडते.

आंदोलने होतात, मते हलत नाहीत

प्रश्नांची कमतरता गुजरातमध्ये नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल कोसळून १३५ जण मरण पावले. महिनाभरात मोरबीने भाजपचाच आमदार मोठ्या फरकाने निवडून दिला. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमधली आग, जुलै २०२५ मध्ये महीसागर नदीवरच्या गंभीरा पुलाचे कोसळणे, सुरतच्या हिरे उद्योगातली मंदी आणि तिच्यावर अमेरिकी आयातशुल्काचा घाव. अंबाजी ते उमरगाम या आदिवासी पट्ट्यात पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाविरुद्ध २०२२ मध्ये मोठे आंदोलन झाले. या प्रकल्पातली पार नदी आपल्या नाशिक जिल्ह्यात उगम पावते. सरकारला प्रकल्प रद्द केल्याची घोषणा करावी लागली. त्या वर्षी वांसद्यातून आंदोलनाचे नेते अनंत पटेल जिंकले, पण आदिवासींसाठी राखीव २७ पैकी २३ जागा भाजपला गेल्या. मागणी मान्य झाली की राग सरकारच्याच खात्यात जमा होतो.

मतदार खोटा नाही, तो हिशेबी आहे. सरकार बदलणार नाही हे ज्याला माहीत आहे, तो काम करून देऊ शकेल अशा आमदाराला निवडतो, आणि तो सत्ताधारीच असतो. एकतर्फीपणा असा स्वतःलाच पोसतो.

काय पाहावे

म्हणून २०२७ मध्ये एकूण जागांपेक्षा चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, ग्रामीण संस्था. २०१५ मध्ये काँग्रेसने ३१ पैकी वीसहून अधिक जिल्हा पंचायती जिंकल्या आणि दोन वर्षांनी ७७ आमदार आले. २०२१ मध्ये सर्व ३१ भाजपकडे गेल्या आणि पुढे १५६ झाले. विधानसभेचा कल गावात आधी दिसतो. दुसरी, भाजपची मते पन्नास टक्क्यांखाली येतात का. आली तर विरोधकांच्या समजुतीला किंमत येईल. तिसरी, मतदारयाद्या. २०२५ च्या अखेरीच्या सखोल फेरतपासणीत मसुदा यादीतून ७० लाखांहून अधिक नावे वगळली गेली. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे गेली असतील तर उत्तमच, पण स्थलांतरितांच्या सुरतमध्ये हा आकडा वस्तीनिहाय तपासला गेला पाहिजे. चौथी, कोणत्याही एका विरोधी पक्षाला १९ जागा मिळतात का.

ही चौथी गोष्ट किरकोळ वाटेल, पण महाराष्ट्राने ती किरकोळ मानू नये. २०२४ च्या निवडणुकीनंतर आपल्या २८८ जणांच्या विधानसभेतही कोणत्याच विरोधी पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही. उद्धव ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवारांचा पक्ष १० वर थांबला. गुजरातला जवळपास तीस वर्षे लागली त्या टप्प्यावर महाराष्ट्र एका निवडणुकीत पोहोचला.

बंगालमध्ये डाव्या आघाडीने २००६ मध्ये २९४ पैकी २३५ जागा जिंकल्या आणि पाच वर्षांत ती ६२ वर आली. सोळंकींची काँग्रेस १४९ वरून ३३ वर आली. ही उदाहरणे पाहून गुजरातमधले विरोधक स्वतःला धीर देतात. पण बंगालमध्ये सिंगूर-नंदीग्राम घडले, तेव्हा तीसच आमदार असलेली का होईना, रस्त्यावरून न हटणारी तृणमूल काँग्रेस तिथे होती. १९९० च्या गुजरातमध्ये समजूत करू शकणारे दोन पक्ष होते. गड पडतो तेव्हा तो घ्यायला कोणीतरी आधीपासून उभे असावे लागते. डिसेंबर २०२७ मध्ये भाजप सरकार बनवील असे मानायला सगळी कारणे आहेत. त्या सरकारसमोर विरोधी पक्षनेता बसला आणि पाच वर्षे पक्ष न सोडता बसून राहिला, तर गुजरातच्या मतदाराने बराच मोठा बदल केला असे म्हणावे लागेल.